स्वेटरचा हत्ती आपल्याकडे का झाला नाही?

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. थिसिसचं तिसरं प्रकरण गाइडकडून दोनदा परत आलं आणि त्यातच डिसेंबर संपला. दरम्यान चार दिवस घरी, केडगावला जाऊन आलो. (नेहमीचा खुलासा: नगरचं केडगाव, रेणुकामातेचं. दौंडजवळचं नव्हे. तिथे उतरून मला फोन केलेले दोन मित्र आहेत.)

तर घरी आईने एक जुना स्वेटर पुढ्यात टाकला आणि म्हणाली, "ताईच्या पोरीसाठी याचा हत्ती करायचाय. मोबाइलवर बघितलं मी. गरम पाण्यात घालायचा, घट्ट झाला की कापायचा आणि शिवायचा. तुझं तर लोकरीचंच शिक्षण चाललंय, सांग कसं करायचं."

माझं संशोधन जुन्या लोकरी कपड्यांतून परत मिळणाऱ्या तंतूंवर आहे. केरॅटिन नावाचं प्रथिन, त्यातले बंध आणि एकदा पिंजून काढल्यावर तंतूची ताकद किती उरते, असलं सगळं. चार वर्षांत घरच्यांनी त्यातलं पहिल्यांदाच काहीतरी विचारलं. मी उत्साहाने सांगायला लागलो आणि दुसऱ्याच वाक्याला अडकलो. कारण स्वेटर आजीचा होता, म्हणजे आजीने विणलेला, आणि आई जे करायला निघाली होती ते आमच्या घरात कोणी कधी केलं नव्हतं. आमच्याच कशाला, तुमच्याही घरात केलं नसेल. जुन्या साडीची गोधडी झाली, धोतराची दुपटी झाली, चिंध्यांची बाहुली झाली. मग स्वेटरचा हत्ती का झाला नाही? लोकर तर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. नगर जिल्हा म्हणजे मेंढरांचा मुलूख.

हा प्रश्न घेऊन मी पुण्याला परतलो आणि तिसरं प्रकरण सोडून इतिहास वाचत बसलो. गाइडना सांगू नका.

आधी हत्ती कुठे झाला ते बघू. जर्मनीच्या दक्षिणेला गिंगेन नावाचं छोटं गाव आहे. तिथे १८४७ साली मार्गारेटे स्टाइफ जन्मली. लहानपणीच पोलिओ झाला, पाय गेले, उजवा हात अधू राहिला. तरी ती शिवण शिकली आणि १८७७ मध्ये तिने फेल्टच्या कपड्यांचं दुकान काढलं. फेल्ट म्हणजे न विणलेलं, लोकर ओली करून, रगडून, दाबून केलेलं कापड. गिंगेनमध्येच फेल्टचा कारखाना होता आणि तो तिच्या नात्यातल्या माणसाचा होता, त्यामुळे माल हाताशी होता. १८७९ च्या डिसेंबरात एका फॅशनच्या मासिकात तिला हत्तीचा नमुना दिसला. तिने तो फेल्टमधून कापला, आत कोकराची लोकर भरली आणि टाचण्या टोचायची उशी म्हणून मैत्रिणींना देऊ लागली. मोठ्यांनी टाचण्या टोचल्या, पोरांनी मात्र हत्ती पळवला. १८८६ पर्यंत असे पाच हजारांच्या वर हत्ती विकले गेले होते. तिचा पुतण्या रिचर्ड याने १९०२ मध्ये हातपाय हलणारं अस्वल तयार केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला, त्यावर व्यंगचित्र निघालं आणि ब्रुकलिनच्या मिशटम दांपत्याने 'टेडी' विकायला काढला. टेडीची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला त्याच्या आधीचा हत्ती जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो एका फेल्टवालीच्या दुकानात, हाताशी असलेल्या मालातून झाला.

फेल्टच का? इथे थोडं विज्ञान घ्या, फार नाही. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, कौलांसारखे एकावर एक, सगळ्यांचं तोंड शेंड्याकडे. तंतू बोटांत धरून एका दिशेने ओढला तर गुळगुळीत लागतो, उलट ओढला तर किंचित अडतो. गरम पाणी, साबण आणि रगडा मिळाला की तंतू एकाच दिशेने सरकत जातात, मागे येऊ शकत नाहीत आणि एकमेकांत अडकून बसतात. असं कापड कापलं तरी कडेने धागा सुटत नाही. दुमड नको, काठ शिवायला नको. हत्तीचा कान कापायचा तर याहून सोयीचं कापड नाही. स्वेटर चुकून गरम पाण्यात गेला की बाहुलीच्या मापाचा होतो, तेही याच कारणाने.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हे उलटं फिरवता येत नाही. एकदा बसलेली लोकर परत मोकळी होत नाही.

आता आपल्याकडे येऊ. दख्खनी मेंढी काळी, काटक, दुष्काळात तगणारी. तिची लोकर जाड असते. मेरिनोचा तंतू वीस मायक्रॉनच्या आसपास असतो, तर दख्खनीचा साधारण चाळिशीच्या पलीकडे, आणि त्यातले बरेच तंतू आतून पोकळ. अंगाला टोचते. पण धनगराला ती अंगाला लावायची नव्हतीच, अंगावर घ्यायची होती. वर्षातून दोनदा कातरायची, घरच्या बायकांनी सूत काढायचं, सणगराने मागावर विणायचं, चिंचोक्याची खळ द्यायची, की झाली घोंगडी. पावसात डोक्यावर, रात्री अंगाखाली, पाहुणा आला की बैठकीला, देवाच्या कार्याला आसन म्हणून. भिजली तरी ऊब सोडत नाही, कारण लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल आत घेऊनही ओली लागत नाही. आणि फेल्ट आपल्याला माहीत नव्हतं असंही नाही. दक्षिण महाराष्ट्रात लोकर थापून, गुंडाळून, रगडून केलेलं जेन हे तेच तंत्र आहे, विणकामाशिवाय.

म्हणजे लोकर होती आणि तंत्रही होतं. खेळणी मात्र दुसऱ्याच मालातून झाली. पोळ्याचे बैल मातीचे, ठकी लाकडाची, सावंतवाडीची खेळणी लाकडाची. कापडाची बाहुली असायची, पण ती माणसाची आणि सुती चिंध्यांची. प्राणी म्हणाल तर पाळण्यावर टांगायच्या चिमणाळ्यातले पक्षी, तेही सुती कापडाचेच. लोकरीचं खेळणं मला कुठे सापडलं नाही, आणि माझ्या मते याचं कारण सौंदर्यदृष्टी वगैरे नाही. घोंगडीचं काम कधी संपतच नव्हतं. फाटली की बसायला, आणखी फाटली की बैलाच्या पाठीवर, मग कणगीवर झाकायला, दाराच्या फटीत कोंबायला. चिंधी होईपर्यंत तिच्यातली लोकर इतकी झिजलेली असायची की पोराच्या हातात द्यावं असं काही उरायचं नाही. ज्या वस्तूला अजून काम आहे तिचं खेळणं होत नाही. गिंगेनच्या हत्तीला फेल्ट मिळालं, कारण तिथे कारखाना होता आणि कारखान्यात तुकडे उरतात. आमच्या घोंगडीतून काही उरत नव्हतं.

बरं, युरोपातही अंगावरच्या जुन्या लोकरीचं भाग्य खेळण्यात नव्हतं. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या बॅटली गावात बेंजामिन लॉ याने १८१३ च्या सुमाराला जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून, थोड्या नव्या लोकरीत मिसळून परत सूत काढलं. त्याला म्हणतात शॉडी. पुढे अख्ख्या युरोपातल्या चिंध्या त्या भागात यायला लागल्या. अमेरिकेच्या यादवी युद्धात कंत्राटदारांनी या मालाचे गणवेश सैनिकांना दिले, ते अंगावरच विरले, आणि इंग्रजीत या शब्दाचा अर्थच 'निकृष्ट' असा झाला. चूक तंतूच्या लांबीची होती. पिंजताना तंतू तुटतो, आखूड होतो, आखूड तंतूचं सूत कमजोर. माझा अख्खा थिसिस या एका वाक्यावर उभा आहे, म्हणून जरा हळवा होतो.

आज तेच काम आपल्या देशात पानिपतला चालतं. परदेशातले टाकून दिलेले लोकरी कपडे गठ्ठ्यांनी येतात, पुन्हा विकले जाऊ नयेत म्हणून आधीच चिरलेले. तिथे बायका बसून बटणं, चेन, अस्तर काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात, मग यंत्र ते फाडतं. रंग आधीच असल्यामुळे परत रंगवावं लागत नाही. या सुताची ती करडी, खरखरीत ब्लँकेटं होतात जी पूर-भूकंपात वाटली जातात. अलीकडे पॉलिएस्टरच्या मऊ ब्लँकेटांनी तोही धंदा खाल्लाय.

दुसऱ्या महायुद्धात मात्र ब्रिटनमध्ये घराघरांत खेळणी शिवली गेली. १ जून १९४१ पासून कपड्यांना रेशनिंग लागलं, खेळण्यांचा माल तुटला, तेव्हा आया-आज्यांनी उरलेल्या तुकड्यांतून अस्वलं-ससे केले. पण तिथेही सरकारने १९४३ मध्ये काढलेल्या दुरुस्तीच्या पुस्तिकेचा सूर असाच, की आधी रफू करा, उसवा, परत विणा. खेळण्याची पाळी सगळ्यात शेवटी.

आणि 'उसवा' या शब्दावर आपण आजीपाशी येतो.

विणलेला स्वेटर आपल्याकडे तसा नवा. सुयांवरचं विणकाम मिशनरी बायका, शाळा आणि बायकांच्या मासिकांतले नमुने यांच्या वाटेने मराठी घरांत आलं. दख्खनी लोकर त्याला चालत नाही, टोचते. त्यामुळे मेंढरांच्या मुलखात राहून आपण गिरणीची लोकर विकत आणू लागलो, कानपूरची, धारीवालची, पंजाबची, आणि त्यातलं बारीक लोकरीचं मूळ बरंचसं ऑस्ट्रेलियात. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं तेव्हा देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. आमचं नगर लष्कराचं गाव. आजी सांगायची, शेजारणी-शेजारणींनी लोकर वाटून घेतली होती. खाकी रंग उरला, तो पुढे कित्येक वर्षं पोरांच्या मोज्यांत दिसायचा.

विकतची लोकर महाग, म्हणून स्वेटर कधी 'जुना' व्हायचा नाही. पोर वाढलं की शिवण सोडायची, टोक शोधायचं आणि ओढायचं. भर्रकन उसवत जातो तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना आठवेल. मग लड करायची, कोमट पाण्यातून काढायची, खाली लोटा किंवा तांब्या बांधून वाळत टाकायची म्हणजे धाग्याचे कुरळे जातात. गुंड्या करायच्या आणि पुढच्या पोराचा स्वेटर सुरू. लोकर कमी पडली की काठाला किंवा बाहीला दुसरा रंग. आमच्या पिढीच्या फोटोंत दुरंगी बाह्या दिसतात त्या हौसेच्या नाहीत.

म्हणजे घोंगडीसारखंच. स्वेटरलाही काम शिल्लक होतं, धाग्याच्या रूपात. त्याला गरम पाण्यात घालून घट्ट करणं म्हणजे पुढचे तीन स्वेटर बुडवणं. कुठल्या आजीने केलं असतं? आमच्या दारावर भांडी घेऊन येणारी बोहारीण साड्या-पँटी उलटून पालटून बघायची, स्वेटर तिला कुणी दाखवल्याचं मला आठवत नाही. तिच्यापर्यंत तो पोचायचाच नाही.

मग बदललं काय? लोकरच बदलली. अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीने १९५० मध्ये ऑर्लॉन नावाने अ‍ॅक्रिलिक बाजारात आणलं. पुढच्या दशकांत ते आपल्याकडेही स्वस्त झालं. न टोचणारं, न आटणारं, कसर न लागणारं. गंमत अशी की मराठीत आपण नाव बदललं नाही. दुकानात जाऊन 'लोकर द्या' म्हटलं की मिळते ती बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकची गुंडी. पाठोपाठ तयार स्वेटर आले. हिवाळ्यात रस्त्याकडेला तिबेटी लोक स्टॉल लावायचे, माल बहुतेक लुधियानाचा. तिथला स्वेटर थानातून कापून शिवलेला असतो. उसवायला गेलं तर प्रत्येक ओळीला धागा तुटतो. त्याची लड होत नाही, त्याचं काहीच होत नाही. आज पहिल्यांदाच आपल्या कपाटांत असे स्वेटर आहेत ज्यांना काम उरलेलं नाही, आणि आई जे व्हिडिओ बघते ते म्हणूनच आत्ता चाललेत. फक्त त्यातले बरेच स्वेटर गरम पाण्यात घट्ट होत नाहीत, कारण त्यांना खवलेच नाहीत.

म्हणून मी आईला म्हटलं, आधी तपासू. शिवणीतून चार ठिकाणचे धागे काढले. घरच्या घरी तुम्हीही करू शकता: धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून, खाली पाणी ठेवून पेटवा. केस जळाल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरली तर लोकर. वितळून काळा, टणक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. मी उरलेले धागे पुण्याला नेऊन सूक्ष्मदर्शकाखालीही बघितले.

पाठीचा आणि पोटाचा भाग लोकर. खवले स्पष्ट, कडेने झिजलेले. तंतू पंचवीस मायक्रॉनच्या जवळपास, म्हणजे दख्खनी नक्कीच नव्हे. बाह्या अ‍ॅक्रिलिक, काचेच्या कांडीसारख्या गुळगुळीत.

हे फोनवर सांगितलं तेव्हा आई जरा गप्प झाली. मग म्हणाली, "हा आधी तुझ्या बाबांचा होता. शाळेत असतानाचा. तुझ्यासाठी उसवून विणला तेव्हा बाह्यांना पुरली नाही, म्हणून तेलीखुंटावरून आणलेली." मला हे माहीतच नव्हतं. माझा पहिलीतला स्वेटर म्हणून जो मी ओळखत होतो त्यात बाबांचा १९७५ च्या आसपासचा स्वेटर होता, आणि दोघांमधली जागा एका रेषेवर होती, काखेच्या शिवणीत. कोणत्याच कागदावर नसलेली ही नोंद मला अडीच सेंटिमीटर धाग्यात मिळाली.

संक्रांतीला परत घरी गेलो. काखेतला छोटा तुकडा गरम पाण्यात, साबणात रगडून बघितला. दहा सेंटिमीटरचा सात झाला. आईने तो तुकडा बोटांत धरून दोन्ही बाजूंनी बघितला. धागा शोधत होती.

"हे आता उसवायचं नाही ना परत?"

"नाही."

"कधीच?"

मी तिला खवले, बंध, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं असावं.

शेवटी असं झालं. स्वेटर चार भागांत विणलेला असतो, पुढचा, मागचा आणि दोन बाह्या, हे आपल्या पथ्यावर पडलं. शिवणी सोडून भाग वेगळे केले. मागचा भाग मशिनमध्ये गरम पाण्यावर दोनदा फिरवला, जाड, दाट पुठ्ठ्यासारखा झाला. त्यातून हत्तीचं अंग आणि पाय. बाह्यांवर पाण्याचा काही परिणाम झाला नाही, पण त्या मुळातच नळीसारख्या, त्यामुळे एकीची सोंड झाली आणि दुसरीचे कान. कानांच्या कडा धावदोऱ्याने बंद केल्या, नाहीतर सुटल्या असत्या. डोळ्यांना बटणं लावली नाहीत, पोरगी दहा महिन्यांची आहे, काळ्या धाग्याने टाके घातले. आत काय भरायचं यावर वाद झाला. आईच्या मनात उशीतला कापूस होता. माझ्याकडे नमुन्यांसाठी आणलेली दोन किलो दख्खनी लोकर पडून होती, धुतलेली. ज्यांच्याकडून आणली त्या आजोबांनी पैसे घेतले नव्हते. कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीहून जास्त पडते, घ्यायला कोणी येत नाही, म्हणून ते ती बांधावर टाकून देतात. पूर्वी एवढ्या लोकरीच्या जवळपास घोंगडी झाली असती. ती भरली. स्टाइफबाईंच्या हत्तीतही कोकराची लोकरच होती, हे मी आईला सांगितलं. तिने विचारलं, "तिच्या हत्तीला कसर लागली नाही का?" प्रश्न बरोबर होता. म्हणून भरायच्या आधी ती लोकर पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवली होती, कुल्फीच्या साच्यांशेजारी.

हत्ती ताईकडे पोचला. भाची त्याचा एक कान सतत चोखते, अ‍ॅक्रिलिकचा, त्यामुळे तो धुवायला सोपा जातोय.

पुढचा भाग मात्र आईने मशिनमध्ये घालू दिला नाही. मी पुण्याला निघालो त्या सकाळी ती अंगणात उन्हात बसून तो उसवत होती. लड तारेवर टाकली, खाली तांब्या बांधला. संध्याकाळी फोन करून विचारलं तर गुंडी झाली होती. मी वजन करायला सांगितलं. चौऱ्याऐंशी ग्रॅम. कशाला ठेवलीस विचारलं तर म्हणाली, असू दे.